पेरिसा ते कामारी चालत जाता येईल का? सँटोरिनी, जूनअखेर, सोबत आई-पप्पा

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही घरचे पाचजण ग्रीसला चाललोय, मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई-पप्पा. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आता रोजचं काय करायचं ते ठरवतोय. पहिले पाच दिवस सँटोरिनी, मग चार दिवस क्रीट. सँटोरिनीत आमचं हॉटेल पेरिसाला आहे, काळ्या वाळूच्या बीचवर, आणि बायकोची मामेबहीण पुण्यातनं त्याच तारखांना येतेय, त्यांचं बुकिंग झालंय कामारीला. नकाशावर बघितलं तर दोन्ही गावं अगदी शेजारी दिसतात, मध्ये एक डोंगर आहे बस, सरळ रेषेत मोजलं तर अडीच किलोमीटरच्या आतबाहेर. पण बसनं जायचं तर आधी फिराला, म्हणजे बेटाच्या मुख्य गावाला जा, तिथनं दुसरी बस पकडा, म्हणजे शेजारच्या घरी जायला अख्खं गाव फिरून जायचं असं झालं.

तर प्रश्न असा, की किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत जाता येतं का? दुपारी निघून तिकडं समुद्रात डुंबायचं, जेवायचं आणि रात्री चालत परत यायचं असं डोक्यात होतं. पप्पा ६३ वर्षांचे आहेत, रोज पहाटे रंकाळ्याला चालायला जातात, चैत्रात जोतिबाला गेली कित्येक वर्षं चालत जातात. मी स्वतः दोनदा पन्हाळा-पावनखिंड केलंय. पप्पांचं म्हणणं, "उन्हाचं काय सांगतोस, आपण काय बर्फात वाढलोय का? अडीच किलोमीटर म्हणजे बिंदू चौकातनं रंकाळ्याला गेल्यासारखं." त्यांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. आई गुडघ्यांमुळं जास्त चालत नाही. कुणी तिथं चालून आलं असेल तर खरं खरं सांगा, किती किलोमीटर पडतं?

काळीवाळू

भावा, आधी सगळ्यात महत्त्वाचं, किनाऱ्यानं वाट नाहीच. तू म्हणतोस तो मधला डोंगर म्हणजे मेसा वूनो, साधारण ३६० मीटर उंच, आणि त्याचा शेवटचा कडा सरळ समुद्रात उतरलाय. पेरिसाच्या बीचवर उभं राहिलं की डावीकडं भिंतच दिसते, तिच्या पायथ्याला चालायला पाऊलभर जागा नाही. दरवर्षी कोण ना कोण खडकांवरनं वळसा घालून जाऊया म्हणतं, तसलं काही करू नका.

चालायची वाट डोंगरावरनंच आहे. पेरिसाच्या चौकात मोठं चर्च आहे, त्याच्या मागं डोंगराकडं जाणारा रस्ता धरायचा, तो संपला की पायवाट सुरू होते. वाटेत खडकात चिकटवल्यासारखं एक छोटं पांढरं चर्च दिसतं, पनागिया कातेफियानी, तिकडं जायला वेगळा फाटा आहे. आपली वाट वर एका खिंडीत निघते, त्या खिंडीला सेलाडा म्हणतात. तिथनं उजवीकडं वर गेलं की जुनं थेरा शहर, म्हणजे दोरियन ग्रीकांनी इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या सुमारास वसवलेलं, आणि पलीकडं उतरलं की कामारी. कामारीच्या बाजूनं नागमोडी फरसबंदी रस्ता खिंडीपर्यंत आलाय, त्यावरनं गाड्या येतात, आपल्याकडच्या घाटासारखी वळणावर वळणं. पेरिसाची बाजू मात्र नुसती पायवाट, सुटे दगड, ज्वालामुखीचा भुगा, पाय घसरतो.

किलोमीटर विचारशील तर फार नाहीत, अवघड तेवढंच नाही की. चढउतार धरून सावकाश दोन-अडीच तास धर. अवघड हे की त्या दोन-अडीच तासांत एक झाड नाही. म्हणजे खरंच नाही. तिथं द्राक्षं होतात पण आपल्या तासगावसारखे मांडव नाहीत, वाऱ्यानं आणि उन्हानं वेल टिकत नाही म्हणून टोपलीसारखी गोल गुंडाळून जमिनीलगत ठेवतात, घड आतल्या बाजूला. जिथं वेलीलाच डोकं वर काढायची सोय नाही तिथं सावली कुठनं मिळणार. उन्हाळ्याचे तीन महिने पाऊस जवळजवळ नसतोच.

रात्री परत यायचा विचार तर सोडूनच दे, त्या पायवाटेवर दिवे नाहीत.

सोपा उपाय सांगतो. सीझनमध्ये पेरिसा आणि कामारीमध्ये छोट्या बोटी चालतात, कडा वळून गेलं की दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. आई आणि मुलाला त्यातनं ने. वारा सुटला तर बोटी बंद, मग फिरावरनं बस. आणि चालायचंच असेल तर एकाच बाजूनं चाल, सकाळी, जाताना पायी येताना बोट.

गंगावेस_तालीम

वरच्या भावानं बरोबर सांगितलंय. मी माझी गोष्ट सांगतो कारण आमचं पण असंच झालं होतं. आम्ही दोघं जुलैत गेलो होतो, फिरा ते ओइया चालत गेलो, ती प्रसिद्ध वाट, साधारण १० किलोमीटर, फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्ली या गावांतनं कड्याच्या काठानं जाते. नाश्ता करून निवांत अकराला निघालो, कारण मनात तेच होतं, कोल्हापूरची माणसं आपण, मे महिन्यात शेतात काम केलेली, ऊन काय नवीन नाही.

पहिला तासभर गावातनंच चालायचं असतं, दुकानं, घरं, सगळं पांढरं, फोटो काढत गेलो, काहीच वाटलं नाही. आणि वारा इतका गार की घामच येत नव्हता, म्हणजे मला वाटलं येत नाही. तो मेल्टेमी नावाचा वारा असतो, जुलै-ऑगस्टला उत्तरेकडनं सुटतो, घाम आल्याआल्या वाळवून टाकतो, अंगावर मीठ राहतं फक्त. माणसाला वाटतं गारवा आहे आणि आतनं पाणी संपत असतं. इमेरोविग्ली मागं पडलं आणि घरं संपली, मग नुसता लाल-काळा भुगा आणि चढ, आमच्याकडं दोघांत मिळून एक लिटरची एक बाटली, ती पण अर्धी झालेली. दीडच्या सुमारास बायको म्हणाली डोकं दुखतंय, मग म्हणाली मळमळतंय, आणि मग ती बोलायचीच बंद झाली, विचारलं तर नुसती हूं म्हणायची. मी घाबरलो. वाटेत एक छोटं चर्च लागलं, त्याच्या भिंतीची हातभर सावली होती, तिथं तिला बसवलं, उरलेलं पाणी ओढणीवर ओतून डोक्यावर ठेवलं. मागनं एक म्हातारं फ्रेंच जोडपं येत होतं, त्यांनी स्वतःच्या बाटल्या दिल्या, मिठाची कसलीतरी पुडी त्यात विरघळवली आणि ती उठेपर्यंत आमच्याबरोबर बसून राहिले. भाषा समजत नव्हती पण त्या बाईंनी बायकोचा हात सोडला नाही.

आजही तो हातभर सावलीचा तुकडा डोळ्यासमोर येतो. चैत्र यात्रेला पप्पा चालत जातात म्हणालास, मी पण जातो, पण त्या रस्त्यावर काय असतं आठव की. दर दोन पावलांवर पाणपोई, कुणी सरबत देतंय, कुणी आंबील, झाडाखाली चारजण बसलेले, नुसतं "जरा बसतो" म्हटलं तरी कुणीतरी पंख्यानं वारा घालतंय. आपण ऊन सहन करतो ते एकटे करत नाही, सगळा रस्ता आपल्याबरोबर सहन करत असतो. तिथं त्या डोंगरावर कुणी नसतं.

पावनखिंड तर विसरूनच जा, ती आपण भर पावसात करतो, तिथं चिखल आणि जळवा, उन्हाचा त्यात काही अनुभव मिळत नाही.

डॉक्टर_कागल

मी एमडी मेडिसिन आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कृपया पूर्ण वाचा आणि वडिलांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट बीपीची गोळी. गोळी कुठली आहे ते महत्त्वाचं. काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानं शरीरातलं पाणी आणि मीठ आधीच कमी झालेलं असतं. काही गोळ्यांनी नाडी वाढत नाही, म्हणजे उन्हात हृदयाला जो जास्तीचा वेग लागतो तो मिळत नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा की उन्हात चालायचं आहे, डोस आणि वेळ त्यांना ठरवू द्या. दुसरी गोष्ट, साठीनंतर तहान कमी लागते. तहान लागली की पितो असं म्हणून चालत नाही, घड्याळ लावून वीस-वीस मिनिटांनी प्यायचं. उन्हात चढण चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडतं, म्हणून ओआरएसच्या पुड्या इथनंच घेऊन जावा, माणशी दिवसाला दोन तरी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा सपाट चमचा, हे प्रमाण पाठ ठेवा. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, नऊ वर्षांच्या मुलाला त्या वाटेवर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लक्षणं ओळखायला शिका. पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, इथपर्यंत थांबून, सावलीत बसून, मीठ-पाणी घेऊन सावरता येतं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोक जायला लागला, चिडचिड करून "मला काही झालं नाही" म्हणायला लागला, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, चालताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असतो बऱ्याचदा. ताबडतोब आडवं करायचं, कपडे सैल करायचे, असेल ते पाणी अंगावर ओतून जोरात वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजायचं नाही, तापाची गोळी द्यायची नाही, तिचा उपयोग नसतो. आणि ११२ ला फोन. हा नंबर सगळ्या युरोपात चालतो.

गंगावेस_तालीम यांची पत्नी बोलायची बंद झाली होती ती पायरी फार पुढची होती, तुम्ही तिथं बसवलंत हे फार चांगलं केलंत.

अजून एक. जून २०२४ मध्ये सिमी नावाच्या ग्रीक बेटावर मायकल मोस्ली चालायला निघाले, ते स्वतः डॉक्टरी शिकलेले, ब्रिटनमध्ये टीव्हीवर आरोग्यावर बोलणारे, वय ६७, रोज चालावं हे लोकांना सांगणारे. ५ जूनला भर दुपारी एका बीचवरनं एकटे निघाले, दुसऱ्या वस्तीकडं चालत, त्या दिवसांत पारा ४० च्या आसपास होता, फोन बरोबर नव्हता. ९ जूनला ते दुसऱ्या एका बीचच्या अगदी जवळ, माणसांच्या हाकेच्या अंतरावर मृत सापडले. मृत्यूचं नेमकं कारण तपासात ठरवता आलं नाही, उष्माघात असू शकतो एवढंच अधिकाऱ्यांनी नोंदवलं. त्याच महिन्यात ग्रीसच्या बेटांवर चालायला गेलेले आणखीही काही पर्यटक दगावले. उष्णता इतकी होती की १२ आणि १३ जूनला अथेन्सचं अॅक्रोपोलिस दुपारी १२ ते ५ बंद ठेवलं होतं. हे घाबरवायला सांगत नाही. तब्येतीनं चांगला, चालायची सवय असलेला, शरीराची माहिती असलेला माणूसही चूक वेळी निघाला तर काय होतं ते वडिलांना कळावं म्हणून सांगते. माझे स्वतःचे वडील याच वयाचे आहेत आणि तेही ऐकत नाहीत, त्यामुळं तुमची अडचण कळते मला.

शाहूपुरीकर

मॅडम, मनापासून आभार. काल रात्री जेवताना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मोस्लींचं वाचलं तेव्हा आईनं हातातला घास खाली ठेवला. पप्पा काही बोलले नाहीत, पण सकाळी रंकाळ्यावरनं आल्यावर म्हणाले गोळीची चिठ्ठी कुठं आहे, डॉक्टरांकडं जाऊन येऊ. गोळीत ते लघवीचं औषध आहे, तुम्ही म्हणाला तसंच. डॉक्टरांनी चालायचं असेल त्या दिवशी किती वाजता घ्यायची ते लिहून दिलंय.

मुलगा आणि आई बोटीनं जातील हे नक्की झालं. आता मी आणि पप्पा, दोघांचंच. काळीवाळू भाऊ, सकाळी म्हणजे किती वाजता, आणि पेरिसाकडनं चढावं का कामारीकडनं? चप्पल-बुटांचं पण सांगा, पप्पा बूट घालत नाहीत, कापशीची चामड्याची चप्पलच वापरतात.

काळीवाळू

चांगला प्रश्न विचारलास. पेरिसाकडनंच चढा, आणि त्याचं कारण ऐक. डोंगराची ती रांग वायव्येकडनं आग्नेयेकडं गेलीय. जूनमध्ये तिथं सूर्य ईशान्येकडनं उगवतो, म्हणजे कामारीच्या बाजूला पहिलं ऊन आणि पेरिसाची बाजू सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत. झाड नाही तर नाही, अख्ख्या डोंगराची सावली फुकट मिळते. सूर्योदय सहाच्या थोडा नंतर होतो, तेव्हाच पाय उचला, म्हणजे अवघड चढ सावलीत संपतो आणि उन्हात फक्त कामारीकडचा उतार उरतो, तोही धड रस्त्यावरचा.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात पुढं केलेलं असतं. आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमारास, तिथं तो दीडच्या थोडं आधी येतो. म्हणजे घड्याळात बारा वाजले म्हणून आता ऊन उतरणीला लागेल असं समजू नका, खरी भट्टी दोन ते पाच. आणि सूर्य मावळतो साडेआठच्या पुढं. दुपारी चारला "झाली संध्याकाळ, निघूया" असा आपला हिशोब तिथं फसतो, चार म्हणजे आपल्याकडचे तीन समज.

चामड्याची चप्पल नको. मला कापशी चपलेचं प्रेम आहे, घरात तीन जोड आहेत, पण तिचा तळ गुळगुळीत असतो आणि त्या भुग्यावर उतरताना पाय गेला की हात टेकायला काटेरी झुडपं सोडून काही नाही. खाचा असलेले साधे स्पोर्ट्स शूज घ्या आणि कोल्हापुरातच पंधरा दिवस वापरून पाय बसवून घ्या. बीचवर चप्पल हवीच, ती काळी वाळू दुपारी तव्यासारखी तापते, अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत.

पाणी माणशी दोन लिटर, बाटलीबंद. सँटोरिनीत नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं, चवीला मचूळ, लोक पीत नाहीत. खिंडीत कधी कॅन्टीनची गाडी उभी असते, तिच्या भरवशावर निघू नका.

सायबरचौक

बाकी सगळं वर आलंय, एवढंच सांगतो की जुनं थेरा आठवड्यातनं एक दिवस बंद असतं, आणि इतर दिवशीही दुपारनंतर बंद करतात. वार बघून जावा, नाहीतर खिंडीत पोचून फाटकाला हात लावून परत. बघण्यासारखं आहे पण. जर्मन संशोधकांनी १८९६ नंतर खणून काढलेलं शहर आहे, बाजारपेठ, नाट्यगृह, खडकावर कोरलेली अक्षरं, आणि दोन्ही बाजूंना खाली समुद्र. वर वारा भयंकर असतो, टोपीला नाडी पाहिजे.

मिरजेची_लेक

क्रीटमध्ये चार दिवस आहात म्हणून सांगते, किनाऱ्याकिनाऱ्यानं एका गावातनं दुसऱ्या गावात चालत जायची जी हौस आहे ना तुमची, ती सँटोरिनीपेक्षा तिथं दक्षिण किनाऱ्यावर खरी भागेल. होरा स्फाकिओन म्हणून गाव आहे, तिथनं लुत्रो. लुत्रोला गाडीरस्ताच नाही, एकतर बोटीनं जायचं नाहीतर पायी. युरोपात ई४ नावाची लांब पायवाट आहे ती तिथनंच जाते. आधी थोडा डांबरी रस्ता, मग कड्याच्या पोटातनं वाट, आणि मध्ये ग्लिका नेरा नावाचा बीच. ग्लिका नेरा म्हणजे गोडं पाणी. समुद्राच्या अगदी काठाला गोट्यांमध्ये हातानं उकरलं की खालनं गार गोडं पाणी वर येतं, डोंगरातनं झिरपत आलेलं. मी ओंजळीनं तोंडावर मारलं आणि तिथंच बसून राहिले, एका हाताला खारा समुद्र आणि दुसऱ्या हाताला गोडं पाणी, आमच्या पंचगंगेच्या उगमाची गोष्ट आजी सांगायची ती आठवली.

सगळं मिळून दोन-अडीच तास, पण एका ठिकाणी कड्याची बाजू उघडी आहे, उंचीची भीती असलेल्यानं विचार करावा. तिथंही सकाळीच. परत बोटीनं यायचं, तिकीट आधी काढून ठेवा म्हणजे शेवटची बोट चुकायची धाकधूक नको. आई बोटीनं थेट लुत्रोला येऊ शकतील, पाण्याला लागूनच खानावळी आहेत, सावलीत बसून वाट बघायला त्यांना आवडेल. दही-मधाची वाटी आणि टरबूज मागवा. मीठ हवं असेल तर ऑलिव्ह आणि फेटा चीज आहेतच.

शाहूपुरीकर

मंडळी, पेरिसातनं लिहितोय. झालं. सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं म्हणून लगेच लिहितो.

काल पहाटे पावणेसहाला पप्पा आवरून खोलीबाहेर उभे. नवे बूट, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला ओला पंचा आणि त्यावर टोपी. चार लिटर पाणी मी घेतलं, त्यातल्या दोन बाटल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेल्या, ओआरएस पप्पांच्या खिशात. चर्चच्या मागनं वाट लगेच सापडली. आणि काळीवाळू भाऊ, तू म्हणालास ती सावली, अगदी तशीच, समुद्रावर लख्ख ऊन पडलेलं आणि आम्ही निळसर गारव्यात चढतोय. तरी चढ दम काढतो. पप्पा दर वीस मिनिटांनी थांबत होते, घड्याळ बघून, मी आठवण करायची गरज पडली नाही. एका ठिकाणी त्यांचा पाय भुग्यावरनं सुटला पण बुटानं धरलं, तेव्हा मागं वळून माझ्याकडं बघून म्हणाले, "चपलेत गेलो असतो रे."

सव्वा तासानं खिंडीत पोचलो आणि एकदम दुसऱ्या देशात आल्यासारखं झालं. पलीकडचं ऊन सरळ तोंडावर आणि वारा इतका की बोलायला ओरडावं लागलं. कॅन्टीनची गाडी नव्हती. जुन्या थेराचं फाटक उघडायचं होतं अजून, तासभर तिथं उघड्यावर थांबण्यात अर्थ नव्हता, मी म्हटलं थांबूया का, पप्पा म्हणाले नको, ऊन चढतंय, उतरूया. ते असं म्हणतील असं मला कोल्हापुरात असताना वाटलं नसतं. उतारावर वळण संपलं की पुढचं वळण, पायाखालची फरशी आठ वाजताच तापायला लागलेली, साडेआठला कामारीत पोचलो तेव्हा माझ्या काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या आणि मला मात्र सगळी वाट वाटत होतं की घामच नाही. गंगावेस भाऊंचं आठवलं. दोघांत मिळून साडेतीन लिटर संपलं होतं.

बोटी मात्र काल बंद निघाल्या, लाट मोठी होती. आई, बायको आणि पोरगं फिरावरनं बसनं आले, साडेअकरा झाले त्यांना, पण बस गार होती, कुणाला त्रास नाही. दुपारभर सगळे ताडपत्रीच्या सावलीत, पप्पांनी मामेबहिणीच्या सासऱ्यांना वाट बोटानं वाळूवर काढून दाखवली. ते म्हणाले मग आपण चारला निघून चढू की, उतारवयात पण जमेल मला. पप्पांनी त्यांना चार म्हणजे आपले तीन कसे ते समजावलं, आणि मग मोस्लींचं सांगितलं. नाव नीट उच्चारता येईना त्यांना, तरी सगळं सांगितलं, वय, तारीख, आणि बीच हाकेवर होता ते. सासरे गप्प झाले. संध्याकाळी सगळे बसनंच परत.

डॉक्टर मॅडम, रात्री बीपी मोजलं, नेहमीसारखं आहे.

परवा बोटीनं क्रीट. लुत्रोचं पप्पांनी मनावर घेतलंय, आई पण म्हणतेय गोडं पाणी बघायचं. पप्पा सकाळपासनं नकाशा घेऊन बसलेत आणि विचारतायत की स्फाकिओनकडनं निघालं तर सकाळी त्या वाटेवर डोंगराची सावली पडते का, का दक्षिणेला तोंड असल्यामुळं पहिल्यापासनंच ऊन. मिरजेच्या ताई, तुम्ही किती वाजता निघाला होता, आणि क्रीटमधल्या हान्या शहरातनं पहिली बस धरली तर ऊन चढायच्या आत पोचतं का, का आदल्या रात्री तिथंच मुक्काम करावा?

मिरजेची_लेक

मुक्कामच करा. दक्षिणेला तोंड आहे, सावली फार वेळ मिळत नाही, हान्याहून पहिल्या बसनं आलात तरी चालायला लागेपर्यंत ऊन चढलेलं असतं. आम्ही आदल्या संध्याकाळी स्फाकिओनला उतरलो, सकाळी सहाला निघालो आणि ग्लिका नेराला सकाळचं कोवळं ऊन असतानाच पोचलो. काकांना सांगा, तिथं उकरायला बोटं पुरतात, पण गोटे बाजूला करायला थोडा वेळ लागतो, पाणी आधी गढूळ येतं, जरा थांबलं की निवळतं.